बँकेच्या उताऱ्यापासून टॅलीपर्यंत: रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं वर्ष

रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या २०२४-२५ च्या सगळ्या बँक नोंदी जून २०२५ च्या सुरुवातीला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढल्या. एक बचत खातं, एक सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचलीची मर्यादा दिलेलं) खातं आणि एक गावच्या पतसंस्थेतलं खातं. तिन्ही मिळून चार हजारांवर ओळी. एकेक व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, हातानं टाकायचं ठरवलं असतं तर पावसाळा संपला असता, म्हणून उताऱ्यांच्याच फाइली करून त्या टॅलीत घेतल्या. हे काम पहिल्यांदा करताना कुठं अडतं आणि का अडतं, ते घडलं त्या क्रमानं लिहितो. जळगावची डाळमिल असो, नंदुरबारची मिरचीची अडत असो की धुळ्याकडचं जिनिंग, उतारे सगळ्यांचे याच तऱ्हेचे असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उताऱ्यात दर ओळीच्या शेवटी शिल्लक छापलेली असते. टॅलीला ती लागत नाही, म्हणून पुष्कळ जण तो रकाना पहिल्याच झटक्यात उडवतात. तसं करू नका. आपण उतरवलेला आकडा बरोबर आहे याचा तेवढाच पुरावा आपल्या हातात असतो.

उतारे मागवायला एप्रिलचा मध्य उजाडू दिला. ३१ मार्चला सीसीचं व्याज आणि बँकेचे आकार पडतात, आणि त्यातली एखादी नोंद मागाहून मागच्या तारखेनं येऊ शकते. एक तारखेलाच घाईनं काढलेल्या उताऱ्यात ती सापडत नाही. दुसरं, उतारा फक्त ३१ मार्चपर्यंतचा पुरत नाही. मार्चअखेर दिलेला चेक एप्रिल-मेमध्ये वटतो, आणि चेकची मुदत तीन महिन्यांची असल्यानं जूनअखेरपर्यंत नजर ठेवावी लागते. म्हणून मुख्य उतारा १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ असा घेतला आणि पुढच्या महिन्यांचे वेगळे काढत गेलो.

बचत खात्याचा उतारा नेट बँकिंगमधून एक्सेल म्हणून लगेच मिळाला. सीसीचा ईमेलवर पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये आला. पतसंस्थेत मात्र १६ एप्रिलला लेखी अर्ज दिला तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात छापील उतारा हाती आला, त्याला शंभर रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी लागला. अर्जावर खातेदाराची सही लागते, पॅनची प्रत लागते आणि कालावधी 'पासून-पर्यंत' असा स्पष्ट लिहावा लागतो. 'मागच्या वर्षाचा' असं लिहिलं की जानेवारी ते डिसेंबरचा मिळायची भीती. शाखेतून 'व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो' असं म्हणतात, ते घेऊ नका. पीडीएफ मागा, आणि ती उघडून एखाद्या शब्दावर माउस फिरवून पाहा. शब्द निवडता आला तर ती मजकुराची पीडीएफ. सगळं पान चित्रासारखं निवडलं गेलं तर ती स्कॅन केलेली, आणि तिचं काम दुप्पट.

सुरुवात सोप्या खात्यापासून केली, पण एक्सेल मिळाली म्हणजे सुटलो असं होत नाही. बँकेची ही 'एक्सेल' पुष्कळदा आतून साधी टॅबनं तोडलेली मजकूर फाइल असते, म्हणून उघडताना 'फाइलचा प्रकार आणि नाव जुळत नाही' अशी सूचना येते. दुहेरी क्लिक करून उघडली तर तीन ठिकाणी नुकसान होतं. पहिलं तारखेचं. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५/०४/२०२४ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालंय असं समजा. दुसरं यूपीआयच्या बारा अंकी संदर्भ क्रमांकाचं. तो ४.१२ई+११ असा दिसायला लागतो. आणि एखादा क्रमांक पंधरा अंकांपेक्षा लांब असला तर एक्सेल पुढचे अंक शून्य करून टाकतं, ते पुन्हा मिळत नाहीत. तिसरं चेक नंबरचं: ०००१२३ चा १२३ होतो.

यावर उपाय असा की फाइल थेट उघडायची नाही. एक्सेलच्या डेटा मेनूतून मजकूर फाइल म्हणून आत घ्यायची, तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्यायचा, संदर्भ आणि चेक नंबरच्या रकान्यांना 'टेक्स्ट' सांगायचं. रकमेतले स्वल्पविराम आणि शिल्लकेपुढचं 'सीआर'-'डीआर' (जमा-नावे) शोधा-बदलानं काढायचं. पण सीसी खात्यात 'डीआर' काढण्याआधी ती शिल्लक उणे करायला विसरू नका. तिथं बँकेचे पैसे आपल्याकडे असतात, अधिक-उण्याची दिशाच उलटी. एवढं करूनही काही आकडे बेरजेत येत नसतील तर त्यांच्यामागं न दिसणारी मोकळी जागा असते. एक्सेलच्या ट्रिम सूत्रानं ती जात नाही, कारण ती साधी स्पेस नसून १६० क्रमांकाचं चिन्ह असतं. सबस्टिट्यूट सूत्रात कॅर(१६०) देऊन ती काढावी लागते.

सीसीच्या पीडीएफनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आधी पासवर्ड काढला, त्यासाठी क्यूपीडीएफ हे मोफत साधन आपल्याच संगणकावर चालतं. मग टेबल काढायला टॅब्युला वापरलं. तेही मोफत आहे, जावा या सॉफ्टवेअरवर चालतं आणि फाइल कुठं बाहेर जात नाही. नवीन एक्सेलमध्ये 'डेटा मिळवा, पीडीएफमधून' असा मार्गही आहे. इंटरनेटवर 'पीडीएफ टाका, एक्सेल घ्या' म्हणणाऱ्या फुकट साइट ढिगानं आहेत, पण त्यांच्यावर दुसऱ्याचा बँक उतारा कधीच चढवू नये. त्यात खाते क्रमांक आहे, कोणाला किती दिले ते आहे, शेकडो बागायतदारांची नावं आहेत. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेला तो कागद आहे.

टॅब्युलात दोन पद्धती आहेत. उताऱ्यावर रकान्यांच्या रेघा छापलेल्या असतील तर 'लॅटिस', रेघा नसतील तर 'स्ट्रीम'. रेघा असताना स्ट्रीम लावलं की तपशिलाच्या तीन ओळींच्या तीन वेगळ्या ओळी होतात. आमच्या उताऱ्यात रेघा नव्हत्या, त्यामुळे स्ट्रीमच घ्यावं लागलं आणि या तुटक ओळी जोडत बसावं लागलं. साधा नियम असा: जिथं तारीख आहे तिथून नवीन व्यवहार सुरू, तारीख रिकामी असेल तर ती ओळ वरच्याचीच शेपटी. पण तारीख तपशिलाच्या मधल्या ओळीसमोर छापणारे उतारेही असतात. तिथं हा नियम लावला तर प्रत्येक तपशिलाचं डोकं आधीच्या व्यवहाराला चिकटतं. रकमा बरोबर, शिल्लक बरोबर, आणि नावं सगळी एक घर सरकलेली. म्हणून पहिल्या पानावरच्या पाच-सहा ओळी मूळ पीडीएफशी बोट ठेवून ताडून पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

दर पानावर पुन्हा येणारी शीर्षकाची ओळ आणि 'मागील पानावरून' - 'पुढील पानावर' च्या ओळी काढाव्या लागतात. पानाच्या तळाशी अर्धा राहून पुढच्या पानावर गेलेला व्यवहार ही गहाळ होण्याची ठरलेली जागा.

पतसंस्थेच्या उताऱ्याचा प्रश्न वेगळाच होता. तो मराठीत, आणि त्यांचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या फाँटवर चालणारं. पीडीएफही मागून पाहिली. पडद्यावर 'रोख भरणा' नीट दिसतं, पण कॉपी करून चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला पडतो. फाँट बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं बिघडतात. या खात्यात ओळी दोनशेच्या आत होत्या, म्हणून त्या एक्सेलमध्ये सरळ टाइप केल्या, आकडे इंग्रजीतच. माझं मत असं की दोनशे-अडीचशे ओळींखाली रूपांतराच्या नादी लागू नये. टायपिंग लवकर होतं. वर्षाला हजारो ओळींची चार-पाच खाती असतील तर मात्र विकत मिळणारं रूपांतराचं सॉफ्टवेअर घेणं परवडतं. घेताना एकच पाहा, ते शिल्लक स्वतः तपासून दाखवतं का.

आता तो शिल्लकेचा रकाना. प्रत्येक ओळीत आधीची शिल्लक, वजा खर्चाची रक्कम, अधिक जमेची रक्कम, वजा या ओळीची छापील शिल्लक, असं सूत्र टाकलं. दोन दशांशांपर्यंत राउंड करायचं, नाहीतर पैशांच्या अतिसूक्ष्म फरकानं शून्य हे शून्य दिसत नाही. उदाहरणार्थ मागची शिल्लक ८४,३१०.५०, दिले १२,६००, छापील शिल्लक ७१,७१०.५०, उत्तर शून्य. सगळ्या रकान्यात शून्य आलं की उतारा जुळला. उतारा नवीन तारखेकडून जुन्याकडे छापलेला असेल तर आधी तो उलटा करावा लागतो, पण तारखेवर सॉर्ट करून नव्हे. एकाच दिवसातल्या ओळींचा क्रम मूळचाच राहायला हवा, नाहीतर बरोबर असलेला उतारा चुकीचा दिसू लागतो. सुरुवातीलाच ओळींना क्रमांक देऊन त्या क्रमांकावर उलटं लावा.

शून्य नसेल तिथला आकडाच चूक काय ती सांगतो. फरक एखाद्या पूर्ण रकमेइतका असेल तर ओळ गहाळ आहे, बहुधा पान बदलताना. फरकाला नऊनं पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा: ३,६४० च्या जागी ३,४६० पडले की फरक १८०. आणि फरक एखाद्या रकमेच्या बरोबर दुप्पट असेल तर ती रक्कम जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमा गेली. २,२५० उलट्या रकान्यात गेले की ४,५०० चा फरक दिसतो. पतसंस्थेच्या टाइप केलेल्या ओळींत हे तिन्ही प्रकार निघाले आणि तिन्ही या फरकावरूनच सापडले. तारीख चुकली असेल तर मात्र शिल्लक गप्प राहते. त्यासाठी वेगळा रकाना करून प्रत्येक तारीख आधीच्या तारखेइतकी किंवा पुढची आहे ना, हे पाहिलं.

उतारे जुळेपर्यंत मेचा मध्य झाला होता. पुढचं काम प्रत्येक ओळीला टॅलीतलं खातं देण्याचं. तीन रकान्यांचा एक तक्ता केला: तपशिलात शोधायचा शब्द, टॅलीतलं खातं, व्हाउचरचा प्रकार. विशेष शब्द वर, सर्वसाधारण शब्द खाली. डिझेल पंप, बारदान, खोके, गाडीभाडं, बँकेचे आकार, त्यावरचा जीएसटी, सीसीचं व्याज, हे सगळं तक्त्यानं झटपट लागलं.

अडलं ते नावांवर. यूपीआयच्या तपशिलात नाव तुटून येतं: 'यूपीआय/डीआर/बारा अंक/पाटील स'. रावेर-यावल पट्ट्यात पाटील, चौधरी, महाजन, पटेल या चार आडनावांत निम्मं खातेवही भरतं. नावावर नियम लावला तर एका पाटलाचे पैसे दुसऱ्या पाटलाच्या खात्यात जातात, आणि ते शिल्लक तपासूनही कळत नाही. म्हणून नियम नावावर न लावता यूपीआय आयडीवर आणि एनईएफटीत खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकांवर लावले. एकदा ओळखलेला आयडी वर्षभर चालतो, म्हणून पन्नास-साठ आयडी लावून झाल्यावर काम एकदम हलकं झालं.

उरलेल्या ओळी छापून व्यापाऱ्यासमोर ठेवल्या. 'नाना, १७ जुलैचे साडेबारा हजार कोणाला दिले?' नानांनी गाड्या भरल्याची वही उघडली, तारखेवर बोट ठेवलं. 'हा निंभोऱ्याचा पाटील. सावद्याचा नाही, त्याचा माल ऑगस्टात काढला.' तेव्हापासून टॅलीत खात्याच्या नावापुढं गाव लिहायची पद्धत ठेवली. ज्यांची अशी वही आहे त्यांनी ती उताऱ्यासोबत घेऊनच बसावं. आणि प्रश्न विचारताना नुसती रक्कम सांगू नका. तारीख आणि आधी-नंतरच्या दोन ओळीही वाचून दाखवा, माणसाला लगेच आठवतं. वहीतही न सापडलेलं सस्पेन्स, म्हणजे उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या, खात्यात टाकलं. मात्र सस्पेन्स शून्य होईपर्यंत काम संपलं असं धरू नये.

बचत खात्यात धंद्याबाहेरचंही येतं. नाना स्वतः बागायतदार, त्यामुळे हवामानावर आधारित फळपीक विम्याची रक्कम याच खात्यात आलेली. ती शेतीकडे जाते, केळी विक्रीत धरायची नाही. मे-जूनच्या सुमारास कापले जाणारे ४३६ आणि २० रुपये हे जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते असतात. ते मालकाच्या खासगी उचल खात्यात टाकायचे, धंद्याचा खर्च म्हणून नव्हे. गाडीच्या कर्जाचा हप्ता एकाच ओळीत दिसतो, पण त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं करायला कर्जाचा वेगळा उतारा लागतो, तो आधीच मागून ठेवा.

आपल्याच दोन खात्यांमधली उलाढाल दोन्ही उताऱ्यांत दिसते. सीसीतून बचतमध्ये पाठवलेले दोन लाख एकदा इथं नावे, एकदा तिथं जमा. दोन्हीकडून फाइल केली तर ती नोंद टॅलीत दोनदा बसते. आम्ही काँट्रा व्हाउचर (आपल्याच बँक-रोख खात्यांमधल्या उलाढालीची नोंद) फक्त पैसे गेले त्या खात्याकडून घ्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या बाजूची ओळ खूण करून वगळली. रोख काढली ती 'रोकड' खात्याशी काँट्रा. कटाईच्या मजुरीसाठी काढलेली रोख थेट मजुरीत टाकायचा मोह होतो, पण मजुरी ज्या दिवशी वाटली त्या दिवशीची नोंद वेगळी हवी.

आणि चेक. हे फार जणांकडून निसटतं. उताऱ्यात चेक वटल्याची तारीख असते, दिल्याची नसते. १ एप्रिल २०२४ नंतर वटलेले काही चेक मार्चमध्येच दिलेले आणि मागच्या वर्षाच्या पुस्तकात आधीच लिहिलेले होते. ते पुन्हा आयात केले असते तर खर्च दुप्पट झाला असता. वर्षाच्या पहिल्या दिवशी पुस्तकातली बँक शिल्लक आणि उताऱ्यातली शिल्लक यांत जो फरक असतो, तो बहुतेक याच चेकांचा. उलट, मार्च २०२५ मध्ये दिलेले आणि नंतर वटलेले चेक चेकबुकाच्या अर्धुकांवरून शोधून हातानं लिहिले.

आता टॅलीची फाइल. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलमधूनही व्हाउचर घेता येतात. आम्ही एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेली मजकूर फाइल) घेतली, कारण तिच्यात वटल्याची तारीखही पाठवता येते आणि बँक मेळ, म्हणजे पुस्तक आणि उतारा यांची जुळणी, आपोआप लागतो. रचना पाठ करायची गरज नाही. टॅलीत एक पेमेंट, एक रिसीट आणि एक काँट्रा हातानं टाका, डे बुक (रोजच्या नोंदींची यादी) एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करा आणि तो नमुना धरून एक्सेलच्या सूत्रानं प्रत्येक ओळीचं व्हाउचर जोडा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकांत, मध्ये रेघ नाही. रकमेचं चिन्ह नीट पाहा: टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम उणे असते आणि जमेची अधिक. 'मे. अमुक & सन्स' मधलं & चिन्ह तसंच ठेवलं तर फाइल तिथंच फुटते, त्या जागी 'अँड' लिहा. एका व्हाउचरचा मजकूर एका सेलमध्ये सलग ठेवा. मध्ये ओळ तोडली तर नोटपॅडमध्ये चिकटवताना एक्सेल भोवती अवतरणचिन्हं लावतं. जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

आयात करण्याआधी बॅकअप. ऑल्ट-वाय दाबून डेटाखाली तो मिळतो. तीच फाइल चुकून दोनदा गेली तर नोंदी दुप्पट होऊ शकतात, मग एकेक पुसण्यापेक्षा बॅकअप परत आणणं बरं. ऑल्ट-ओ मधून आधी खाती, मग व्यवहार. व्हाउचरमधलं खात्याचं नाव टॅलीतल्या नावाशी जसंच्या तसं जुळायला हवं. जुळलं नाही तर ते व्हाउचर बाहेर राहतं आणि कारण टॅलीच्या फोल्डरमधल्या 'टॅली.आयएमपी' फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आधी फक्त १ आणि २ एप्रिलच्या ओळी पाठवून पाहिल्या. लायसन्स नसलेल्या संगणकावरही हा प्रयोग होतो, शैक्षणिक मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी चालतात. दोन दिवसांची शिल्लक उताऱ्याशी जुळली, मग एप्रिल, आणि पुढं महिन्याची एकेक फाइल. वर्षाची एकच फाइल केली की फरक शोधायला बारा महिने चाळावे लागतात.

प्रत्येक महिना गेल्यावर बँक मेळ उघडून त्यातली 'बँकेप्रमाणे शिल्लक' छापील शिल्लकेशी लावली. ऑक्टोबरमध्ये मेळ अडला. एक चेक परत आला होता, बँकेनं तीच रक्कम उलटी जमा दाखवली होती आणि आमच्या तक्त्यानं ती 'रिसीट' म्हणून विक्रीच्या वसुलीत टाकली होती. शिल्लक बरोबर होती, पण मेळात मूळ चेक आणि परतीची ओळ एकमेकांसमोर बसत नव्हती. तपशिलात 'रिटर्न' किंवा 'रिव्हर्सल' असलेल्या ओळी तक्त्यात सगळ्यात वर घ्या आणि मूळ व्यवहाराच्याच खात्याला लावा. परतीचा आकार वेगळ्या ओळीत येतो, तो बँक आकारात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मार्च लागला, सस्पेन्स शून्य झालं. ३१ मार्चला दिलेला एक चेक तेव्हाही वटायचा बाकी होता, त्याची नोंद मेळात उघडी ठेवून सीए साहेबांना तसं कळवलं. सोबत टॅलीचा बॅकअप, बँकेच्या मूळ पीडीएफ, शिल्लक तपासलेल्या एक्सेल आणि खात्यांचा तक्ता असं एकाच फोल्डरमध्ये दिलं. त्यांच्याकडून ज्या शंका आल्या त्यांची उत्तरं संदर्भ क्रमांकाच्या रकान्यावरून तिथल्या तिथं देता आली. तक्ता नानांकडेही ठेवलाय. एप्रिल २०२५ चा उतारा त्याच तक्त्यावर लावून पाहिला तर नवीन आयडी सोडून बाकी सगळ्या ओळींना खातं आपोआप मिळालं.